कढीपत्त्यावर अळ्याच अळ्या, शेजारच्या अनंताला धक्का नाही: किडींना झाड वासावरून कळतं का?

मुलुंडची_गच्ची

बागकामाच्या मोठ्या धाग्यात विचारणार होते, पण तिथे सध्या कोकोपीटवरून जुंपली आहे, म्हणून वेगळा धागा.

सोसायटीने गच्चीचा एक कोपरा आम्हाला दिलाय. कढीपत्ता, लिंबू, अनंत, मोगरा, जास्वंद, वांगी आणि जाळीवर चढवलेलं कारलं अशी गर्दी आहे तिथे. त्यातल्या कढीपत्त्यावर आणि लिंबावर जाड हिरव्या अळ्या. एका रात्रीत नुसत्या काड्या उरतात. कुंड्या एकमेकींना चिकटलेल्या, अनंताची फांदी तर चक्क कढीपत्त्यात घुसलेली, तरी अनंताचं एक पान कुरतडलेलं नाही.

नर्सरीवाला म्हणाला, "वासावर येतात हो. झेंडू आणि तुळस लावा, वास दबतो." लावले. अळ्या जशा होत्या तशाच. वर आता तुळशीवर गांधीलमाशीची बारकी बहीण शोभेल अशा माश्या येऊन बसतात आणि पानं चाटतात.

तर प्रश्न असा: किडींना खरंच वास येतो का? येत असेल तर झेंडूसारख्या उग्र झाडाने तो दबत का नाही? आणि तुळशीवर कोण आलंय?

शेवग्याची_शेंग

अळ्या लिंबाच्या फुलपाखराच्या असणार. लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. काडीने डिवचून बघा, डोक्यामागून तांबूस-केशरी दुहेरी शिंग बाहेर काढतात आणि घाण वास सोडतात. कढीपत्ता आणि लिंबू एकाच कुळातले आहेत, अनंत त्या कुळातला नाही. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ साली जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, तेही याच कुळावर वाढतं. मारू नका प्लीज.

मुलुंडची_गच्ची

शिंग काढलं! मुलगा दोन फूट मागे उडाला. पण फुलपाखराने वनस्पतिशास्त्राचं पुस्तक वाचलेलं नाही ना? कूळ कळतं कसं?

चाळकरी

वासबीस काही नाही. पांढरी माशी पिवळ्या चिकट कार्डावर जाऊन चिकटते, त्या कार्डाला कसला आलाय वास? रंग बघून येतात.

भुंगेमास्तर

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे हा धागा सोडवत नाही. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

चाळकरी, रंगाचं तुमचं बरोबर आहे, पण तो शेवटचा टप्पा. लांबून येताना वास, जवळ आल्यावर रंग आणि आकार, बसल्यावर चव. कुठल्या किडीत कुठला टप्पा जड ते वेगवेगळं. पांढरी माशी आणि मावा रंगाला फार भुलतात, रात्री उडणाऱ्या पतंगांचा भरवसा वासावर.

किडीचं नाक म्हणजे तिच्या मिशा. त्यावर सूक्ष्म केस, केसांना छिद्रं, आत मज्जातंतू. हे नुसतं पुस्तकी नाही. १९५७ साली श्नायडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने रेशमाच्या पतंगाची मिशी दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये बसवली, वास सोडला आणि मिशीतून निघालेला विजेचा झटका मोजला. आजही प्रयोगशाळेत हेच करतात: पानाचा वास यंत्रात घालून एकेक घटक सुटा करायचा, तो मिशीवरून सोडायचा आणि कुठल्या घटकाला मिशी दाद देते ते बघायचं. पानातून शेकडो घटक निघत असले तरी मिशी दाद देते ती त्यातल्या थोड्यांना.

आता कूळ कसं कळतं. काही कुळांचा स्वतःचा खास वास असतो. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी यांचं पान चिरडलं की जी झणक येते ती आयसोथायोसायनेट नावाच्या संयुगांची. पानात ती सुप्त रूपात असते, पेशी फुटली की मोकळी होते. आपल्याला त्याने डोळ्यांत पाणी येतं, कोबीवरच्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला तेच आमंत्रण. २०२० साली चिनी शास्त्रज्ञांनी या पतंगाच्या मिशीतले दोन ग्राहक (वास ओळखणारी प्रथिनं) शोधले जे हाच वास पकडतात. जनुकात बदल करून दोन्ही बंद केले तर मादीला अंडी घालायला हे झाड आणि ते झाड यातला फरक कळेना. याच्या कितीतरी आधी, १९१० मध्ये, व्हर्शाफेल्ट या डच वनस्पतिशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की कोबीवरच्या फुलपाखराच्या अळ्या ज्या पानांना तोंड लावत नाहीत, त्यांना मोहरीवर्गातलं ते द्रव्य चोपडलं की त्या खायला लागतात. म्हणजे झाडाने शत्रूसाठी केलेलं विष, आणि या मोजक्या किडींनी त्याचीच पाटी वाचून घर शोधायला सुरुवात केली.

पण बहुतेक पिकांना अशी खास पाटी नसते. गवत कापल्यावर जो हिरवा वास येतो तो जवळपास प्रत्येक पानातून येतो. मग वांगं कुठलं, वाल कुठला? इथे प्रमाण कामाला येतं. घटक तेच, कोण किती हे वेगळं. जिन्यातून वर येताना कुणाकडे आमटीला फोडणी पडली हे आपल्याला कळतं, हिंग, मोहरी, कढीपत्ता असं मोजत बसत नाही, तसंच. २०१० मध्ये इंग्लंडात वालासारख्या बाकल्यावरच्या काळ्या माव्यावर प्रयोग झाला. बाकल्याच्या वासातले घटक एकत्र दिले की मावा त्याच्याकडे जायचा. तेच घटक एकेकटे दिले तर बऱ्याचशा घटकांपासून तो लांब पळायचा. मला या विषयातलं सर्वात आवडतं निरीक्षण हेच. "अमुक वास किडीला आवडतो, तमुक आवडत नाही" हे बोलणंच इथे निकालात निघतं.

मुलुंडची_गच्ची

बापरे. चहा गार झाला पण वाचलं. मग फुलपाखरू लांबून वासावर येतं आणि बसल्यावर चव घेतं? चव कशाने, सोंडेने?

भुंगेमास्तर

पायांनी! सकाळी ऊन वर आल्यावर लिंबापाशी उभ्या राहा. मादी कोवळ्या पालवीवर अर्धवट बसते, पंख थरथरतच असतात, आणि पुढच्या पायांनी पान भराभर थापटते. त्या पायांवर चवीचे केस असतात. जपानमधल्या, लिंबावरच्याच, तिच्या चुलत बहिणीवर बराच अभ्यास झालाय: पानातली अनेक द्रव्यं एकत्र लागली तरच ती अंडं घालते, आणि त्यातल्या सिनेफ्रिन या एका द्रव्याचा ग्राहक पायात सापडलासुद्धा. पसंत पडलं तर पोट वाकवून एकच पिवळसर गोल अंडं, टाचणीच्या डोक्याएवढं, आणि पुढच्या पानावर. अनंतावर चुकून बसलीच तर थापटून लगेच उडते.

लोकल_माळी

मास्तर, +१. आमच्या घरी जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, बाकी कशावर नाही. हाही वासाचा खेळ?

भुंगेमास्तर

तिथे नाही. पिठ्या ढेकणाची पिल्लं वाऱ्याने, मुंग्यांच्या कृपेने, आपल्या कपड्यांना चिकटून येतात. मादीला पंखच नसतात, ती कसली निवड करते! जिथे पडली तिथे जमलं तर जगली. वासाचा चष्मा लावून सगळं बघू नये.

देवगडचा_मुक्काम_बोरिवली

तुळशीवरच्या माश्यांचं मी सांगतो. छातीवर दोन पिवळ्या पट्ट्या आहेत का? पारदर्शक पंख? असतील तर ती आंब्यावरची फळमाशी, आणि सगळे नर. आमच्या कलमांच्या बागेत वर्षानुवर्षं हिच्याशी गाठ आहे. तुळशीच्या काही प्रकारांत मिथाइल युजेनॉल नावाचं वासाचं द्रव्य असतं. नर त्याच्यापायी वेडा होतो, ते चाटून त्यापासून मादीला भुलवायचा गंध तयार करतो. ज्याने चाटलं त्याला मादी मिळण्याची शक्यता वाढते.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर आहे. डब्यात मिथाइल युजेनॉल लावलेला ठोकळा, नर आत जातो आणि मरतो. काही गावांत सापळा नसेल तर तुळशीचा पाला ठेचून मडक्यात ठेवतात.

मुलुंडात आंबा नाही म्हणू नका. सोसायट्यांच्या आवारात देशी बदाम असतात ना, त्याची फळंही या माशीला चालतात. पेरूही.

मुलुंडची_गच्ची

पट्ट्या आहेत! आणि गेटपाशी बदामाचं झाड आहे, खाली किडकी फळं पडलेली असतात. म्हणजे मी तुळस लावून निमंत्रणपत्रिका छापल्या.

भुंगेमास्तर

नर आले तर फळाचं काही बिघडत नाही, डंख मादी मारते. आणि मादी फळाच्या पिकण्याच्या वासावर येते, तुळशीच्या नाही.

याचा शोध भारतातलाच आहे. १९१२ च्या सुमारास बिहारमधल्या पुसा इथल्या कृषिसंशोधन संस्थेत हाउलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ होते. डासांसाठी सिट्रोनेला तेल लावलं की त्यावर फळमाश्या घोंगावतात, हे त्यांच्या कानावर आलं. डास हाकलायला लावलं आणि माश्या जमल्या! त्यांनी पाठपुरावा केला, सगळे नरच निघाले, आणि १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉलपर्यंत पोचले. पुढे १९६० च्या दशकात प्रशांत महासागरातल्या रोटा नावाच्या छोट्या बेटावर मिथाइल युजेनॉल आणि विष भिजवलेले तुकडे टाकून ही माशी पार संपवली. बेट होतं म्हणून जमलं. बोरिवलीत एका बागेतले नर मारले तर शेजारच्या बागेतून नवे येतात.

चाळकरी

एक अवांतर. केळी पिकली की स्वयंपाकघरात चिलटं कुठून उगवतात? खिडकीला जाळी आहे तरी.

शेवग्याची_शेंग

केळ्याचा वास कमी, त्यावर वाढणाऱ्या यीस्टचा जास्त. प्रयोगात नुसत्या यीस्टवरही येतात. वाटीत थोडं व्हिनेगर, वर प्लास्टिक, त्याला टाचणीने भोकं. जाळीची भोकं तुम्हाला बारीक वाटतात, चिलटाला नाही.

मुलुंडची_गच्ची

झेंडूचं राहिलं. इंटरनेटवर प्रत्येक जण झेंडू लावा म्हणतो.

भुंगेमास्तर

झेंडूवर मी जरा चिडूनच आहे, कारण तीन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली खपवल्या जातात.

एक, झेंडू बळी म्हणून. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची शिफारस आहे: टोमॅटोच्या दर सोळा ओळींमागे उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ, आणि झेंडूचं रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा मोठं घ्यायचं, म्हणजे दोघांना फुलं एका वेळी येतात. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्याफुलांवर अंडी घालतो. म्हणजे इथे वास दबत नाही, झेंडू जास्त आवडतो! कोबीत मोहरी लावतात तीही अशीच, पंचवीस ओळींमागे मोहरीच्या दोन ओळी.

दोन, झेंडू हाकलणारा म्हणून. २०१९ मध्ये न्यूकॅसलच्या संशोधकांनी काचघरात टोमॅटोबरोबर बुटका फ्रेंच झेंडू लावला, पांढरी माशी कमी आली, आणि श्रेय निघालं लिमोनिन या घटकाचं. लिंबाच्या सालीत असतं तेच. पण झेंडू पहिल्यापासून हवा, माशी बसल्यावर आणून ठेवला तर तेवढा उपयोग नाही. आणि काचघर बंद असतं, आपल्या गच्चीवर मुलुंडचा वारा आहे.

तीन, आणि ही गोष्ट कुणी सांगत नाही. इंग्लंडात फिंच आणि कॉलियर यांनी कोबीच्या मुळावरच्या माशीवर बरीच वर्षं काम केलं. शेजारी उग्र वासाची झाडं लावली काय आणि बिनवासाची लावली काय, फरक सारखाच. हिरव्या कागदाची नकली झाडं ठेवली तरी माशीची अंडी कमी झाली. त्यांचं म्हणणं असं: वास माशीला फक्त "उतर आता" एवढं सांगतो. उतरताना ती कुठल्याही हिरव्यावर बसते. कोबीवर बसली तर चव घेते, पुन्हा उडते, पुन्हा बसते, अशा काही फेऱ्या खात्रीच्या झाल्या तर अंडी. मध्येच दुसऱ्या हिरव्यावर बसली की गणित पहिल्यापासून. म्हणजे मोकळ्या मातीत एकटं उभं असलेलं पीक सापडणं सोपं, हिरव्या गर्दीत अवघड. वास दाबण्याचा इथे संबंध नाही.

तुमच्या गच्चीवर गर्दी आहे तरी अळ्या आहेत, कारण फुलपाखरू डोळ्याने आणि पायाने फार चोखंदळ आहे आणि त्याला वेळ भरपूर आहे. एका कढीपत्त्याभोवती दहा झेंडू ठेवून ते हरत नाही.

टारफुला

आयडीवरून ओळखलंत, मूळचा सोलापूरकडचा, आता कांजूरमार्ग. आफ्रिकेतल्या ओढा-ढकला पद्धतीचं कुणीच बोललं नाही? केनियात १९९० च्या दशकात झेयाउर खान, मूळचे भारतीय, आणि इंग्लंडच्या रोथमस्टेड या कृषिसंशोधन संस्थेचे जॉन पिकेट यांनी बसवली. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम ही शेंगवर्गीय वनस्पती, बांधावर हत्ती गवत. खोडकिड्याचा पतंग हत्ती गवताकडे ओढला जातो, तिथे अंडी घालतो, आणि गवतातून निघणाऱ्या चिकात बहुतेक अळ्या मरतात. डेस्मोडियममुळे टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळावर जगणारं तण, तोही मरतो. आमच्याकडे ज्वारीच्या मुळावर टारफुला बघून आजोबा कपाळावर हात मारायचे. आणि मजा म्हणजे तो ठिपक्यांचा खोडकिडा आशियातूनच आफ्रिकेत गेला.

भुंगेमास्तर

छान आठवण केलीत. पण त्यातली ताजी भर: २०२४ मध्ये आलेल्या एका कामात असं दिसलं की शेतातलं डेस्मोडियम किडीला वासाने फारसं ढकलत नाही, त्याच्या पानाखोडांवरचे आकडेदार केस अळ्यांना अडकवतात आणि मारतात. वाद चालू आहे. शेतकऱ्याला पीक मिळतं हे दोन्ही बाजूंना मान्य, कशामुळे मिळतं यावर भांडण.

वसईचा_वाडीवाला

वासाने झाड मरतं कसं ते आमच्या नारळाच्या वाडीत बघायला या. गेंड्या भुंगा शेंडा पोखरतो. त्या जखमेच्या वासावर सोंड्या येतो. सोंड्याची मादी जखमेत अंडी घालते, अळ्या आतून खोड खातात, बाहेरून तांबडा चीक गळायला लागेपर्यंत कळत नाही. खोडाला कान लावला तर आत कुरकुर ऐकू येते, तोवर शेंडा लवलेला असतो. झावळ्या ओढून तोडल्या, पाडेल्याने खोडाला खाचा पाडल्या, की तोच वास. म्हणून जखम झाली की लगेच डांबर.

सापळ्यात नुसती गंधाची पुडी टाकून भागत नाही. बादलीत उसाचे तुकडे, थोडं यीस्ट, पाणी असं आंबवण घालावं लागतं, वर पुडी. नराचा गंध आणि आंबलेल्या झाडाचा वास दोन्ही मिळाले तर भुंगा येतो, एकट्याने कमी येतो. बादली वाडीच्या कडेला, नारळापासून लांब. मधोमध टांगली की आपणच पाहुणे बोलावले.

लोकल_माळी

झाडं गप्प बसून सगळं सोसतात का? त्यांना काहीच करता येत नाही?

भुंगेमास्तर

येतं की. अळीने पान खाल्लं की झाडाचा वास बदलतो. १९९० मध्ये अमेरिकेत टर्लिंग्ज आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लष्करी अळीच्या जातभाईने मका खाल्ला की मक्यातून निघणाऱ्या नव्या वासावर बारीक परोपजीवी गांधीलमाश्या येतात आणि अळीच्या अंगात अंडी घालतात. पान नुसतं कात्रीने कापून तेवढा परिणाम नाही, वर अळीच्या तोंडातला स्राव लावला तर आहे. १९९७ मध्ये त्या स्रावातलं द्रव्य ओळखलं, नाव व्होलिसिटिन.

उलट बाजूही आहे. काकडी मोझेक विषाणू भोपळ्याच्या वेलाला झाला की वेल निरोगी वेलापेक्षा जास्त जोरात वास सोडतो. मावा धावत येतो, सोंड खुपसतो, चव बेकार लागते, उडून जातो. जाताना विषाणू सोंडेवर घेऊन. विषाणूला हेच हवं असतं. २०१० चं काम आहे, आणि मला तरी कुठल्याही रहस्यकथेपेक्षा बरं वाटतं.

चाळकरी

मान्य, मान्य, वास आहे. पण मुंबईत ट्रॅफिकच्या धुरात कीड कसला वास घेणार?

शेवग्याची_शेंग

मधमाश्यांवर झालंय असं काम. २०१३ मध्ये इंग्लंडात मोहरीवर्गातल्या फुलांचा वास डिझेलच्या धुरात मिसळला तर त्यातले दोन घटक मिनिटभरात गायब झाले, आणि ते काढलेला वास मधमाश्यांना नीट ओळखता येईना. मास्तरांचं प्रमाणाचं सूत्र इथेही. लाल बहादूर शास्त्री मार्गाला लागून असलेल्या गच्चीवरच्या किडींचं कुणी मोजलंय असं नाही, त्यामुळे धुराने कीड पळेल या आशेवर राहू नका.

मुलुंडची_गच्ची

ठरलं. लिंबाची एक कुंडी फुलपाखरांना सोडली. कढीपत्त्यावरच्या अळ्या रोज सकाळी उचलून तिकडे ठेवते, कढीपत्त्यावर मच्छरदाणीचं कापड टाकलंय. मुलगा शिंगं दाखवायला मित्रांना घेऊन येतोय. बदामाखालची फळं गोळा करायला वॉचमनकाका तयार झाले.

एकच राहिलं, कारलं. कोवळं असतानाच वाकडं होतं, कापलं की आत पांढऱ्या अळ्या. देवगडकर, तुमचा आंब्याचा सापळा लावू का?

देवगडचा_मुक्काम_बोरिवली

नको ताई, पैसे वाया. वेलवर्गीय भाज्यांवरची फळमाशी वेगळी, ती मिथाइल युजेनॉलला ढुंकून बघत नाही. तिच्या नराला क्यू-ल्यूर लागतं, दुकानात स्पष्ट नाव घेऊन मागा, नाहीतर आंब्याचीच गोळी हातात देतात. सापळा कारल्याच्या जाळीत नको, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला. आणि सापळ्यात नरच अडकणार, तेव्हा फूल गळून बोटाएवढं कारलं धरलं की त्याला लगेच कागदाची नाहीतर मलमलची पिशवी बांधा. किडकी कारली कुंडीत पुरू नका, माती आली की अळ्यांचे कोष होतात. काळ्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाका, मग कचऱ्यात.

मुलुंडची_गच्ची

पिशव्या आजच शिवायला घेते. क्यू-ल्यूर दादरला मिळेल का?

लोकल_माळी

शेती-औषधांच्या दुकानात विचारा, फुलबाजारात नाही. नसेल तर कल्याणला नक्की बघा, तिथे शेतकरी येतात.